हेळव्याच्या वहीतली घागर

आई, आज तुझ्याशी भांडायला बसलेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी मधे बोलू नकोस. सगळी नोकरी मी रेकॉर्ड रूममध्ये दुसऱ्यांचे जुने कागद शोधण्यात काढली. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता आपली माणसं शोधू. आबा छाती काढून सांगायचे ना, की त्यांचा आजा एकटा शाहूवाडीच्या डोंगरातनं कोल्हापूरला आला आणि त्यानं घर उभं केलं? मला ते कधीच पटलं नव्हतं. मृत्यूच्या नोंदी काढल्या, तर तो आजा, म्हणजे माझे पणजोबा, तिकडं गावातच वारलेले. मग लहानग्या आजोबांना घेऊन कोल्हापूरला आलं कोण? आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून नुसतं ‘विधवा आई’. नाव नाहीच. तिथला कारकून म्हणाला, "मावशी, बाईचं नाव हितं न्हाय गावायचं. तुमच्या हेळव्याला गाठा की."

हेळवी म्हटल्यावर मी थेट दहा वर्षांची होते. तो बैलावर बसून दारात येतो, वही उघडतो आणि आपल्या घराण्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवतो. सगळे बापयेच. मी विचारते, "आणि माझं?" तो हसतो. "पोरींची नावं लिवत न्हाईत, बाळ. दान दिल्यालं माणूस असलं तरच बाईचं नाव येतंय वहीत." आबा त्याला पसाभर जोंधळे देऊन वाटेला लावतात. दुसऱ्या दिवशी घरातली तांब्याची घागर गायब! तुझ्या माहेरची, तुझ्या आईनं दिलेली. "नळावर इसारलीस! व्हय का न्हाय?" म्हणत आबांनी माझ्या थोबाडीत दिली. त्यांनी माझ्यावर हात उचलला तो तेवढा एकदाच. तू चुलीपुढं पाठमोरी बसून भाकरी उलटत होतीस. एक शब्द बोलली नाहीस. डोळ्यांना पदर लावलास, तो मला घागरीसाठी वाटला. त्या गप्प बसण्याचा राग मी आजवर धरून होते, खोटं कशाला सांगू.

तर त्या हेळव्याचा नातू मी शोधून काढला. गेल्या आठवड्यात मोटारसायकलवरून आला, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. पणजी सापडली, आई! नवरा गेल्यावर पोराला घेऊन एकटी कोल्हापूरला आली, आणि दारात आलेल्या हेळव्याला वासरू दिलं, म्हणून तिचं नाव लागलं. आबांचा आजा कुठला आणि घर कुठलं! जिंकले की मी. चहा ठेवायला उठणार, तेवढ्यात त्यानं पान उलटलं आणि आबांच्या नावाखालचं वाचलं, "तांब्याची घागर, लेकीच्या नावानं." पुढं माझं नाव, पाळण्यातलं. मी त्याला तीनदा वाचायला लावलं. मग त्याच्यासमोरच रडले, लाज न बाळगता. अगं, नंतर कधीतरी सांगायचं होतंस की! एक थोबाडीत मी हसत खाल्ली असती.

"आता तुमच्याकडनं काय लिवू?" त्यानं विचारलं. वहीत पणजी होती, मी होते, तू कुठंच नव्हतीस. स्वतःची वस्तू दिलीस आणि नाव लावलंस माझं. मी उठले, फळीवरची तुझी पितळी परात काढली आणि त्याच्या हातात दिली. तुझ्या नावानं. माझ्यादेखत लिहून घेतलं, अक्षर न्‌ अक्षर तपासलं. तेवढं काम मला चोख येतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते काही मला ठाऊक नाही, त्यामुळं राहिलेलंही लिहून टाकते. त्याच संध्याकाळी घरात परातीची शोधाशोध झाली. सुनेनं नातीला धरलं, "गच्चीवर खेळायला नेलीस आणि कुठं टाकलीस?" पोर रडकुंडीला आली. मी गॅसपाशी भाकरी उलटत होते. पाठमोरीच राहिले, आई. अजून सांगितलेलं नाही.