वॉटी इमरींच्या नावापुढची रिकामी जागा

मी, मेरन लॉरिमर, वय सत्तावीस, मूळची पोर्ट अरॉकची, सध्या मुक्काम बर्गन बंदरावरचं खलाशांचं वसतिगृह, वरच्या मजल्यावरची खोली (जिची खिडकी नीट लागत नाही), हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते. आज माझं डोकं ठिकाणावर आहे, सर्दी सोडली तर प्रकृती बरी आहे, आणि कोणी मला धाकानं किंवा लाडीगोडीनं लिहायला बसवलेलं नाही. बसवलंच असेल तर 'टोरहिल्ड' जहाजाच्या कंपनीनं. जहाज चौदा तारखेला दक्षिणेच्या बर्फाकडे निघतं, ऑगस्टात परततं, आणि त्याच्या स्वयंपाकघरात मी मदतनीस म्हणून नाव घातलं आहे. त्यांच्या फॉर्मवर एक चौकट होती, 'मृत्युपत्र केले आहे काय?' मी घाईत 'होय'वर खूण केली. आता ते खरं करणं भाग आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. शाळेत असताना निबंधसुद्धा पुरा केलेला नाही. तेव्हा कलमं मागेपुढे झाली तर वाचणाऱ्यानं चालवून घ्यावं.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नेटा बीटी यांनी करावी. त्या पोर्ट अरॉक गोल्फ क्लबच्या सचिव आहेत आणि गेली चार वर्षं मी जिथे जिथे राहिले तिथे तिथे मला पत्र पाठवणाऱ्या एकट्याच आहेत. पत्ता कुठून मिळवतात देव जाणे. त्यांना या कामाचा त्रास होईल, पण त्रास झाल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

कलम २. घर नाही. मी आजोबांबरोबर, डॉड लॉरिमर यांच्याबरोबर, वाढले. ते घर भाड्याचं होतं. बँकेत जे काही निघेल ते बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या गावच्या लाइफबोटीला द्यावं.

कलम ३. माझी पटाशी, रंधा आणि लाकडी हातोडा हे ह्यू मॅकफेल यांना परत द्यावेत. ते होड्या बांधतात. त्यांच्याकडे मी शिकायला होते आणि एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत गेले ती परत आले नाही. त्यांच्या शेडमध्ये माझी अर्धी होडी आहे. ती ज्याला पुरी करायची असेल त्याची. सायकल योटेबोरीच्या स्टेशनबाहेर साखळीनं बांधलेली आहे, किल्ली हरवली, तेव्हा ती साखळीचीच समजावी. लिहिताना लक्षात येतंय की माझ्या मालकीचं जे जे आहे ते कुठेतरी अर्धवट सोडलेलं आहे. असो.

कलम ४. आजोबांची गोल्फची पिशवी, आता जिथे असेल तिथून आणून, आतल्या नऊ स्टिक्ससकट, क्लबातल्या त्यांच्या खुंटीवर परत टांगावी. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की ती पिशवी मला वारसा म्हणून मिळाली नाही, वॉटी इमरींनी माझ्या गळ्यात मारली.

वॉटी इमरी म्हणजे आजोबांचे एकतीस वर्षांचे जोडीदार. बंदरात वाटाड्याचं काम करायचे, मोठी जहाजं आत आणायचे, आणि गावातल्या प्रत्येक माणसाशीही त्याला तसंच आत आणत असल्यासारखं बोलायचे. आजोबांना पुरून दोन आठवडे झाले होते. मी एकोणीस वर्षांची. वॉटी दारात उभे, टोपीही काढली नाही.

"ही पिशवी किती दिवस भिंतीला टेकून ठेवणार आहेस?"

"मला गोल्फ येत नाही, वॉटी."

"ठाऊक आहे. डॉड सांगायचा. शनिवारी साडेनऊला ये. बूट पुसून ये."

"आणि नाही आले तर?"

"तर मी एकटा उभा राहीन," ते म्हणाले आणि गेले.

मी गेले. बूट पुसले नव्हते. परत पाठवलं.

कलम ५. हे कलम कशात बसवावं ते कळत नाही, पण ते आधी लिहिल्याशिवाय पुढचं कोणाला समजणार नाही. काल साक्षीदार ओड्वार यांना, म्हणजे जहाजाच्या आचाऱ्यांना, मी हे समजावत होते. जोडीच्या स्पर्धेत दोघा जोडीदारांना मिळून चेंडू एकच. एक फटका त्यांचा, पुढचा माझा, परत त्यांचा. मी चेंडू काटेरी झुडपात घातला तर काढायचा त्यांनी. त्यांनी वाळूत घातला तर तिथे उतरायचं मी. पाळी चुकवून जोडीदाराचा फटका मारला तर तो होल, म्हणजे अठरा डावांतला तो एक डाव, हरलात.

"एका चेंडूला दोन माणसं?" ओड्वार म्हणाले. "आमच्याकडे एका माशाला सहा असतात, पण भांडणं एवढी नाहीत."

भांडणं आमच्यातही नव्हती. भांडायला समोरच्यानं बोलावं लागतं. फटका मारल्यापासून चेंडूपाशी पोचेपर्यंत वॉटी अक्षर बोलायचे नाहीत. राग आला की समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे. मी चुकीच्या स्टिकला हात घातला की पिशवीच उचलून दुसऱ्या बाजूला न्यायचे. नियमांचं पुस्तक पावाच्या पिशवीत गुंडाळून आतल्या खिशात असायचं. चार हंगामांत त्यांनी मला पाचदा 'चालेल' म्हटलं. पाचही वेळा वारा कुठून होता ते मी आजही सांगू शकते. नवव्या होलनंतर बाकावर बसून ते चीज-कांद्याचं सँडविच खायचे आणि उकडलेलं अंडं अर्धं करून मोठा अर्धा माझ्यापुढे ठेवायचे, बघायचे मात्र दुसरीकडे.

दुसऱ्या हंगामात एकदा आम्ही जिंकत असताना त्यांनी स्वतःहून आमच्यावर दंड घेतला. "पोरीच्या बुटानं काडी हलली," समोरच्यांना म्हणाले, "काडीनं चेंडू हलला."

"कोणी पाहिलं?" मी ओरडले.

"मी पाहिलं. मी पाहिलं म्हणजे झालं."

सामना गेला. परतताना मी म्हणाले, "चुकलं माझं, वॉटी, माफ करा." तेव्हा ते थांबले. चालता चालता थांबणारा माणूस नव्हे.

"जोडीच्या खेळात माफी नसते. कधीही नाही. डॉडनं एकतीस वर्षांत एकदा मागितली नाही, आणि त्यानं मला कुठे कुठे घातलंय! माफी मागितलीस की तुझं लक्ष मागच्या फटक्यात राहतं, आणि माझंही. पुढे कोणाची पाळी आहे तेवढं बघ."

कलम ६. फर्गस आणि ऑनर डॅलगार्नो, दातांचे डॉक्टर आणि त्यांची बहीण, यांना मी माफ केलेलं आहे. खरं तर त्यांनी काही केलंच नव्हतं. त्यांची चूक एवढीच की चार वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात समोर ते होते आणि दोघंही स्वभावानं चांगले आहेत.

सतरावा होल. दोन्ही जोड्या बरोबरीत. वॉटींनी पहिला फटका मारला, दुसरा मी, आणि चेंडू खळग्यापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबला. नुसतं ढकलायचं होतं. डॅलगार्नो भावंडं एका बोटीकडे बघत होती. वॉटींनी स्टिक मागे घेतली, पुढे आणली, आणि ती चेंडूच्या वरून निघून गेली. लागलीच नाही. त्यांनी परत नेम धरला आणि चेंडू आत ढकलला.

न लागलेला फटकाही फटकाच असतो. तो त्यांचा झाला. पुढचा माझा होता. त्यांनी माझ्या पाळीवर मारला होता.

कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. आणि मी बोलले. "वॉटी, हवेत मारलात की! होल गेला आपला!" नियमानं शब्दन् शब्द बरोबर. पण तो आवाज माझ्या कानातून चार वर्षांत गेलेला नाही. त्यात काडीचा वचपा होता, पिशवी ओढण्याचा होता, बुटांचा होता. मी हसत होते.

"छे छे, आम्ही काही पाहिलं नाही," ऑनर म्हणाली. "राहू दे, वॉटी. एवढ्याशानं काय होतंय."

"पोरीनं पाहिलं," वॉटी म्हणाले. "पोरीनं पाहिलं म्हणजे झालं." आणि टोपी काढून होल दिला.

टोपी काढताना मला त्यांचा हात दिसला. थरथरत होता. आणि त्याच क्षणी मला मागचे सगळे महिने दिसले, अंडं सोलायला माझ्याकडे देणं, स्टिकला दोनदोनदा पकड बदलणं. मला वाटत होतं हा म्हातारा दिवसेंदिवस जास्त छळतोय.

अठराव्याला पहिला फटका माझा. मी तो थेट पिवळ्या फुलांच्या काट्यांत घातला. वॉटी आत शिरले, गालावर ओरखडा घेऊन बाहेर आले, पण चेंडू काढला. तो पाण्याच्या नळापासून अकरा पावलांवर येऊन थांबला. सुंदर जागी. माझी पाळी.

"माफ करा, वॉटी," मी म्हणाले.

"माफी नसते. मार."

"तुमचा हात..."

"हात माझा आहे. पाळी तुझी आहे. मार."

मी स्टिक गवतावर ठेवली आणि चालायला लागले. वाळूच्या टेकड्यांवरून रस्त्यावर, रस्त्यावरून बसमध्ये. आजोबांची पिशवी तिथेच राहिली. मी मागे वळून पाहिलं नाही असं मी आतापर्यंत सगळ्यांना सांगत आले. हा कागद खरं लिहिण्याचा आहे. बसच्या मागच्या काचेतून पाहिलं. ते चेंडूशेजारी उभे होते.

नेटाबाईंनी नंतर लिहिलं की ते पाऊण तास तसेच उभे होते. फर्गसनं सुचवलं, "तुम्हीच मारून टाका, वॉटी, आमची काही हरकत नाही." तर म्हणाले, "पाळी माझी नाही." मग हार मान्य केली, पण चेंडू उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मैदानाची निगा राखणाऱ्यानं उचलला.

कलम ७. चेंडू एक. आमच्या जोडीची खूण, तीन हिरवे ठिपके. नेटाबाईंनी तो मला पाठवला आणि तो चार वर्षं माझ्या लोकरी मोज्यात फिरतो आहे. संत्र्यांच्या बागेत, मासळीच्या कारखान्यात, तंबूत, कोणाकोणाच्या सोफ्यावर. खिशात हात घातला की पाण्याचा नळ दिसतो. समुद्रावरून येणारा तो वारा, त्यातला सुकलेल्या गवताचा वास, पुढे चालणारी ती पाठमोरी टोपी. मी सहा देशांत राहिले. कुठेही कोणी माझ्या चुकीच्या जागेवर स्वतः उतरून, ओरखडा घेऊन, काही न बोलता माझ्यासाठी चेंडू बाहेर काढून ठेवला नाही.

हा चेंडू वॉटी इमरी यांना द्यावा.

कलम ८. वरचं कलम रद्द. का ते लिहिते.

आज सकाळी नेटाबाईंचं पत्र आलं. मार्चच्या पहिल्या सोमवारी क्लबच्या फळ्यावर जोडीच्या स्पर्धेचा कागद लागतो. प्रत्येकानं आपलं नाव लिहायचं, पुढच्या रकान्यात जोडीदाराचं. वॉटी दर वर्षी सगळ्यांत आधी येऊन आपलं नाव लिहितात आणि पुढची जागा रिकामी सोडतात. अर्धी जोडी चालत नाही, म्हणून दर वर्षी सोडतीच्या दिवशी नेटाबाई ते नाव खोडतात. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षीचं मात्र त्यांनी आत्ता लिहिलं. ऑनर डॅलगार्नोनं त्यांना विचारलं होतं, "वॉटी, मी खेळू का तुमच्याबरोबर?"

"जागा भरलेली आहे."

"कुठे? रिकामी तर दिसतेय."

"ती बाहेर गेली आहे," वॉटी म्हणाले.

आणि या वर्षी, नेटाबाई लिहितात, "कागदावर नाव वाचता येत नाही, मेरन. नुसती थरथरलेली रेघ आहे. पण पुढची जागा सोडणारं दुसरं कोण आहे? त्यांचे डॉक्टर म्हणतात, हा हंगाम खेळतील. पुढचं ते काही बोलत नाहीत. सोडत तीस एप्रिलला आहे. तुला कळवलं, बाकी तू जाण."

स्पर्धा मेमध्ये. जहाज ऑगस्टात परतणार.

मी दुपारभर कलम सात सुधारत बसले. चेंडू वॉटींना द्यावा, आणि नळापासून अकरा पावलांवर ठेवून त्यांनी तो फटका मारावा, असं लिहिलं. खोडलं. ते मारणार नाहीत, पाळी त्यांची नाही. मग लिहिलं की नेटाबाईंनी माझ्या वतीनं मारावा. तेही खोडलं, वॉटी पुस्तक काढून दाखवतील की जोडीदाराचा फटका तिसऱ्याला मारता येत नाही. बँकेतलं देता येतं, रंधा देता येतो, अर्धी होडीसुद्धा देता येते. हा एक फटका मला कोणाच्याही नावे करता येत नाही. मी मेले तर तो तसाच राहील, आणि ते त्याच्याशेजारी उभे राहतील.

म्हणून नेटा बीटी यांना सूचना. या मृत्युपत्राबरोबर दुसरं एक पाकीट आहे. त्यात माझी सही केलेली चिठ्ठी आहे. ती फळ्यावरच्या कागदावर वॉटी इमरींच्या पुढच्या जागेत चिकटवावी. वाटेत मला काही झालं तर ती जागा कोणालाही न देता रिकामी ठेवावी.

वॉटींना या कागदातलं काही वाचून दाखवायचं असेल तर दाखवावं. माझ्याकडून त्यांना माफीचा शब्द इथे लिहिलेला नाही, हे त्यांच्या लक्षात येईल. बूट पुसलेले आहेत.

कलम ९. हे माझं पहिलं आणि सध्या तरी शेवटचं मृत्युपत्र. अठराव्या होलवर माझा फटका मारून झाल्यावर ते मी स्वतः फाडीन. तोपर्यंत ते लागू आहे.

(सही) मेरन लॉरिमर

साक्षीदार:

१. (सही) ओड्वार हेगलांद, आचारी, 'टोरहिल्ड'. मुलीनं माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. सही केल्यावर तिनं मला शनिवारी तिच्या देशाकडे, न्यूकॅसलला, जाणारी बोट किती वाजता सुटते ते विचारलं. मला चौदा तारखेच्या आत दुसरा मदतनीस शोधावा लागणार, हेही मी इथे नोंदवून ठेवतो.

२. (सही) सिग्रुन तॉफ्टे, वसतिगृहाच्या व्यवस्थापिका. वरीलप्रमाणे. खिडकी दुरुस्त करून घेऊ.

ठिकाण: बर्गन
दिनांक: ७ मार्च १९९६