बारकीचा डावा पाय

७ मार्च
सकाळची फेरी. चितळ, दोन गवे, मोर. बस. बारकी वाघिणीले आज नऊ दिवस झाले, ना ती दिसली ना तिची दोन पिल्लं. झाडाले बांधलेल्या कॅमेऱ्यातही नाही. मागच्या सीटवरची बाई म्हणे, "तुमच्या जंगलात वाघ आहे, का नुसता बोर्डावर?" मी हासली. गाईडले हासावंच लागते.
घरी येऊन युनिफॉर्मसकट खाटेवर पडली. सासू म्हणते, "नाही दिसला त बरंच आहे माय. दिसला का लोक बोंबलतात, नाही दिसला का तू."

८ मार्च
कुंभारे गार्ड अन् त्यांची माणसं पूर्वेकडं पायी फिरून राहिली. तिकडं शेतं आहेत. डुकरासाठी कोणी कोणी कुंपणाच्या तारेत करंट सोडते, त्यात वाघही मरते. कुंभारे साहेब तोंडानं बोलत नाहीत, पण तार शोधून राहिले हे साऱ्यांले समजते.
पिल्लं पाच महिन्यांची. आई गेली त त्यांले शिकार येत नाही, वाट पाहत बसतात अन् मरतात.
बारकी स्वतः पिल्लू होती तवा मी नवीन गाईड. दोघी सोबतच शिकलो. ड्रायव्हर राजूभाऊले म्हटलं, ती गेली वाटते. म्हणे, "सकाळी सकाळी अभद्र नको बोलू." मले दुसरं काही सुचूनच नाही राहिलं.

१० मार्च
लिहू का नको.
जवाहरनगरचे काका आले होते. रिटायर माणूस. पाचवी सफारी, एकदाही वाघ नाही. मागच्या खेपेले काकू सोबत होत्या, आज एकटेच. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "ती दिवाळीत गेली. तिलेच पाहायचा होता."
परतीची वेळ झाली. वळणावर फांदी पडली होती, बाजूले करायले उतरली. पर्यटकाले उतरता येत नाही, गाईडले येते. धूळ पिठासारखी मऊ. वळणाआडून गाडी दिसत नव्हती. तिच्यात मूठ दाबली, मग चार बोटं, झाला वाघाचा पाय. लहानपणी करडी गावी शेळ्या चारताना आम्ही पोरी असंच करून एकमेकींले भेव दाखवत होतो.
आम्हा गाईडमध्ये कोणी कोणी करते हे. ठसा दिसला का माणूस रिकाम्या मनानं जात नाही. दाखवून झालं का ड्रायव्हर चाक त्यावरूनच नेते, पुसून जाते, भानगड संपली.
"काका, ताजा आहे. पहाटेचा."
काका सीटवर उभे राहिले. हात जोडले. फोटो काढला. राजूनं गाडी सुरू केली त म्हणतात, "वरून नको नेऊ बाबा, बाजूनं घे." राजूनं माझ्याकडं पाहिलं. बाजूनं घेतली.
गेटपर्यंत ते खुश, फोटोच पाहत राहिले.

११ मार्च
मेली मी.
काकांनी फोटो गेटवर दाखवला. कुंभारे साहेब कालच सायंकाळी जाऊन ठसा पाहून आले. मले म्हणे, "सुषमाताई, बारकीच आहे. मागचा डावा. कडेचं बोट बाहेर."
बारकीचं ते बोट लहानपणीच वाकडं झालं. इतकी वर्षं मी तिच्याच पायामागं फिरली, हातानं आपोआप तिचाच काढला. मले कळलंही नाही!
एकच ठसा कसा, हे साहेबांनी विचारलं नाही. "बाकीचे गाड्यांनी पुसले असतील," हे त्यांनीच म्हटलं. डोळे भरले होते त्यांचे. पूर्वेकडची सारी माणसं बोलावून बोडीच्या तळ्याकडं लावली. जिथं मी मूठ दाबली तिथं.
तवाच सांगायचं होतं. मी घरी निघून आली.

१३ मार्च
दोन दिवस बोडीचा काठ पालथा घालून राहिले. काय सापडणार, कप्पाळ.
राजूभाऊले सांगितलं. म्हणे, "मले तवाच समजलं होतं. चूप बस. तुझं गाईडचं कार्ड जाईल, माझी गाडी बंद होईल. अन् बाकीच्या गाईड बाया? त्यांच्या बोलण्यावर कोण भरोसा ठेवीन?"
खोटं नाही बोलला. आम्ही सात जणी गाईड झालो तवा गाव हासला होता, बाया काय वाघ दाखवतील म्हणून.
जेवण जात नाही. सासू म्हणते, नजर लागली.

१४ मार्च
फेरी. पुण्याची चार पोरं. पूर्वेकडून वानराचा धोक्याचा कॉल आला, दोन-तीनदा, अन् थांबला. पोरं "वाघ, वाघ" करून राहिली. माझ्या डोळ्यासमोर पिल्लं. गाडीतच रडू फुटलं. एक पोरगा दुसऱ्याले म्हणतो, "ताईंचं किती प्रेम आहे रे जंगलावर."
थू माझ्या जिंदगानीवर.

१५ मार्च
सांगितलं.
साहेब चौकीत जेवत होते. म्हटलं, तो ठसा माझा आहे. त्यांले समजलंच नाही. "माझ्या हाताचा, साहेब." हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. म्हणे, "चार दिवस गेले, सुषमा." ताई नाही म्हणाले.
कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी मागितलं नव्हतं, थांबवलंही नाही. माणसं परत पूर्वेकडं गेली. राजूभाऊ बोलत नाही.
सांगितल्यावर मोकळं वाटते म्हणतात. कायचं मोकळं.

१७ मार्च
दुपारी साहेबांचा फोन. "पूर्वेकडच्या नाल्यात ये. तिचा पाय तुलेच समजते."
साडीवरच गेली. रेतीत एका पिल्लाचे ठसे. एकाच. जाऊन जाऊन परत तिथंच आलेले. दुसऱ्याचे कुठंच नाही. थोडं पुढं मोठा ठसा, अर्धाच. वाकड्या बोटाची बाजू दगडावर पडली, म्हणजे उमटलीच नाही. जुना का ताजा, तेही धड समजत नव्हतं.
"बारकी?" साहेबांनी विचारलं. मागं चार माणसं, सारे माझ्या तोंडाकडं पाहून राहिले. ती जिवंत असली त सर्वांनी मागं हटायचं, तिले पिल्लाजवळ येऊ द्यायचं. नसली त पिल्लाले आजच पकडायचं, नाही त ते उपाशी मरते. अन् ती असून पकडलं त मायलेकरांची ताटातूट.
गुडघ्यावर बसली. बहुत वेळ पाहिलं. मन म्हणे तिचाच आहे, तिचाच. मनाचं ऐकूनच त सारं झालं.
"मले नाही समजत, साहेब."
"अंदाज सांग."
"अंदाज नाही सांगणार आता."
साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. वरच्या झुडपात पिल्लू बारीक आवाजात ओरडलं, मग परत ओरडलं. पकडायचं का मागं हटायचं हे ठरलं नव्हतं, आम्ही सारे तसेच उभे होतो.