डोळा, कणा आणि हे

५ फेब्रुवारी १९९६
आज नववीत, फळ्यावर स्वतःच लिहिलेला ६ मी ८ वाचला. "मॅडम, छह है," पहिल्या बाकावरची म्हणाली. "देख रही थी, ध्यान है कि नहीं," मी म्हटलं. मुली हसल्या नाहीत. म्हणजे कळलं त्यांना.
डावा डोळा धुक्यात आहे. कारण उघड आहे – केबल. माधव नगरात केबल आली तेव्हापासून मी रोज दुपारी मालिका बघते आणि ह्यांना सांगते की बघत नाही. भोगा आता.

८ फेब्रुवारी
डाव्या कानात कुकरची शिट्टी. बंदच होत नाही. देवासला धाकट्या बहिणीला फोन केला. उषा म्हणाली, "ताई, तू म्हातारी होतेयस." बस, एवढंच निदान. फुकटात.

१२ फेब्रुवारी
टावर चौकात डॉ. शितूतबाईंकडे गेले. मनात नवा चष्मा होता. काचेतली सोनेरी फ्रेम निवडूनही ठेवली होती – हेडमास्तरीणबाईंसारखी दिसेन म्हणून. बाईंनी डोळ्यात थेंब टाकले, बराच वेळ बघत राहिल्या, आणि विचारलं काय तर, "मागच्या वर्षात तळहातांवर, तळपायांवर पुरळ आलं होतं का?"
आलं होतं. पावसाळ्यात. खाजतही नव्हतं. मी त्याचं खापर कपडे धुण्याच्या नव्या पावडरवर फोडलं होतं आणि अख्ख्या गल्लीत तिची बदनामी केली होती. खोबरेल लावलं, गेलं. तेव्हापासून मी खोबरेलाची डॉक्टर.
बाईंनी रक्त तपासायला दिलं. चष्म्याचा विषयच निघाला नाही.

१५ फेब्रुवारी
सिफिलिस.
बाईंनी दार लावून घेतलं, मग सांगितलं. मी काय विचारलं असेल? "ते राजेरजवाड्यांना व्हायचं ना?" खरंच असं विचारलं! बाई म्हणाल्या, "मॅडम, कुणालाही होतं."
जंतू डोळ्यात आणि कानाच्या नसेत पोचलेत असं दिसतं. मेंदूपर्यंत गेलेत का, ते पाठीच्या कण्यातलं पाणी काढून बघायचं. इंदूरला. शिवाय एचआयव्हीची तपासणी. "दोन्ही बरेचदा एकाच वाटेने येतात. पण एचआयव्ही नसला तरी हा रोग डोक्यापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा आत्ताच घाबरू नका. आणि मिस्टरांनाही तपासावं लागेल."
मिस्टर. तीन वर्षांपूर्वी बिजली बोर्डाची नोकरी सोडून ह्यांनी इन्व्हर्टरची एजन्सी घेतली. तेव्हापासून सुरत, मुंबई, दिल्ली. मी अभिमानाने सगळ्यांना सांगायचे, हे टूरवर असतात.
मुलींना शिकवते की उत्तर आलं की ताळा करून बघा. आज घरापर्यंत चालत आले, ताळा केला नाही.
रात्री ह्यांना सांगितलं. म्हणाले, "लॅबवाल्यांची गडबड असेल. दुसरीकडे दाखवू." आणि जेवत राहिले.

१९ फेब्रुवारी, इंदूर
कुशीवर झोपवलं. "घुटने पेट से लगाइए, माताजी." रोग हा, आणि हाक माताजी!
दुखलं. रडले नाही, असं इथे लिहायचं ठरवलं होतं. रडले.
पाण्यातही निघालं. दोन आठवडे शिरेतून पेनिसिलिन, दिवसरात्र, दर चार तासांनी. डॉक्टर म्हणतात लवकर सापडलं, नजर बरीच परत येईल.

२१ फेब्रुवारी
शाळेत 'डोळ्याला इन्फेक्शन' कळवलंय. खोटं काहीच नाही. स्टाफरूमने डोळ्यांसाठी चांगला म्हणून गाजराचा हलवा पाठवला. सगळा खाल्ला. औषध म्हणून.

२४ फेब्रुवारी
ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात सिफिलिस नाही. अगदी स्वच्छ.
डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. उषा आली होती, ती चादरीची सुरकुती काढायला लागली. आणि मी – मीच आठवायला लागले! परपुरुषाचा हात धरल्याचं एकदाच आठवलं. क्षिप्रेच्या घाटावर पाय घसरला तेव्हा. तो पंडा होता, सत्तरीचा.
मग हे खिडकीकडे बघत म्हणाले, "मी इंजेक्शनं घेतली होती. मागच्या उन्हाळ्यात. इथेच."
"मग मिसेसना का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं.
"तिला काही त्रास नव्हता."
पावसाळ्यात मी हे दोन्ही तळहात ह्यांच्या नाकासमोर धरले होते. बघून म्हणाले होते, "पावडर बदल."
मी हसायला लागले. थांबताच येईना. नर्स धावत आली.

२८ फेब्रुवारी
दवाखान्यातून सुट्टी मिळाली की देवासला जायचं. उषाने मागची खोली रिकामी केली आहे. कधीपर्यंत, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
हे रोज डबा आणतात. मी भिंतीकडे तोंड करून खाते. बाणेदारपणा म्हणून ठीक, पण आज वरण मानेवरून ओघळलं आणि ह्यांनीच पुसलं.
डाव्या डोळ्याने औषधाच्या बाटलीवरची मोठी अक्षरं दिसली.

५ मार्च
एचआयव्हीचे रिपोर्ट आले. माझा निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचा.
ह्यांचा पॉझिटिव्ह.
डॉक्टर म्हणाले, एचआयव्ही असला की रक्त स्वच्छ दिसलं तरी सिफिलिस नसांमध्ये दडून राहू शकतो, ह्यांच्याही कण्यातलं पाणी काढून बघू. हे "बरं" म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळूच – "फार दुखतं का गं?"
"दुखतं," मी म्हटलं.
खाली जाऊन उषाला फोन केला. सुट्टी मिळाली तरी आज येत नाही म्हणून सांगितलं. "मग कधी?" तिने विचारलं.
मी फोन ठेवला आणि वर ह्यांच्याकडे गेले.