एकदाच मिळणारा डोस

मंगळवार, १४ तारीख
वॉर्डाबाहेरचा बाक, दुपार

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. पाय उशीवर ठेवूनच वाच; पोटातल्या बाळासाठी तुला उठायची मनाई आहे. जावईबापू तासाभरात तुझ्याकडे निघतील, त्यांच्या हाती हे देते. फोनवर मला धड बोलता यायचं नाही.

गठुडीने सकाळी अर्धी वाटी दूध घेतलं. मान अजून माझ्या हातावरच टाकते, पण नुसत्या डोळ्यांनी लेक तुझी सगळ्या वॉर्डावर राज्य करते.

इथे मिळालेली पुस्तिका मी पेन्सिल घेऊन वाचते आहे. तुझ्या बाबांच्या वेळी दाखवतील तिथे सही करत गेले, ते अजून सलतं. हिच्या स्नायूंच्या आजारावरचं हे औषध म्हणजे एक विषाणूच; त्यातलं रोग करणारं काढून टाकतात आणि हिच्यात नसलेला जनुक त्यात भरतात. तो पेशींपर्यंत पोचवायचा, एवढंच त्याचं काम. पण अंगाने त्याला एकदा ओळखलं की दुसऱ्यांदा आत येऊ देत नाही. म्हणून डोस एकदाच. मी इतकं विचारलं की नर्स म्हणाली, "आजी, आमची परीक्षा घ्यायला आलात का?" हसले मी.

पण शनिवारी तपासणीत डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "पंधरा दिवसांत ताप, खोकला काही?"

"छे, काही नाही."

ठमे, ती शुक्रवारपासून खोकत होती. तपासणीला नेण्याआधी मी तिला घरातलं खोकल्याचं औषध पाजलं, कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. सत्तावीसला तिला दोन वर्षं पूर्ण होतात, त्यानंतर इथे हा डोस देत नाहीत. तारीख पुढे गेली तर सगळंच गेलं, एवढंच डोक्यात. जावईबापूंनाही बोलले नाही.

काल पुस्तिकेचं बारावं पान वाचलं. अंगात दुसरा संसर्ग असताना डोस दिला तर यकृतावर, अगदी जिवावरही बेतू शकतं. तरी पुस्तिका मिटून पिशवीत ठेवली.

आज दहाला डोस होता. नर्सने सलाईनसाठी तिचा हात धरला आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा."

खोकल्याचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर ओरडले नाहीत. "आजी, आधी का नाही सांगितलंत?"

"भ्यायले."

रक्त घेतलंय, डोस पुढे ढकललाय. "तेरा दिवस आहेत, बघू," म्हणाले. 'बघू' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. इतके प्रश्न विचारणारी मी! जावईबापू चहा आणायला गेले ते दोन कप हातात धरून खिडकीशीच उभे आहेत. इकडे बघत नाहीत.

डोस हुकला तर आईने घालवला असं म्हणशील. म्हण. रागाव, पण पडल्या पडल्या रागाव.

आत्ता ती मांडीवर झोपली आहे. पुन्हा खोकली. मी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली, डॉक्टरांना दाखवायला.

तुझी,
तीन दिवस खोटं बोललेली,
आई