डोंग्याची झडती

चामोर्शी
२६ सप्टेंबर

प्रिय खुशबू,

फोन सोडून बाबाने पत्र का धाडलं, म्हणून पाकीट बघून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, वरणाची फोडणी आता न करपता जमते आणि पुढच्या वर्षी निवृत्त झालो की तुझ्या डोक्यावर येऊन बसणार आहे. रविवारी तू म्हणालीस, तुमच्या नातीच्या, मैत्रीच्या, शाळेत गोष्ट लिहायची स्पर्धा आहे, बाबा तुमचा हात बसलेला आहे, दीड पान लिहून पाठवा, ती बघून उतरवून काढेल. मी ‘बघतो’ म्हणालो आणि पाच दिवस नुसता बघतोच आहे. दहा तारखेच्या आत तिला गोष्ट द्यायची आहे, तेव्हा तुला माझं उत्तर हवं हे मला कळतं. पण लगेच मुद्द्यावर आलो तर मी मास्तर कसला? आधी माझ्या शाळेची बातमी ऐक.

जूनमध्ये मी तिसरी-चौथीला ‘माझा आवडता प्राणी’ लिहायला दिलं होतं. एकोणीस वह्या आल्या आणि एकोणीस वह्यांत एकच गाय. तिला चार पाय, दोन शिंगं, ती दूध देते, ती फार गरीब असते. चैतूच्या घरची गाय इतकी मारकी आहे की तिच्यापायी शेजाऱ्यांनी वाट बदलली, पण त्याच्याही वहीत ती गरीबच. सगळं गाईडातून आलेलं. मी रागावलो, समजावलं, फळ्यावर शब्द लिहून दिले, तर पुढच्या खेपेला एकोणीस मोर आले. इतकी वर्षं नोकरी करून पोरांना दोन वाक्यं स्वतःची लिहायला लावता येत नाहीत, याची लाज वाटली गं. तुला हसू येईल, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग पोळा जवळ आला. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे पोरं चाकांचे लाकडी बैल मिरवतात, ते तुला सांगायला नको. इथे लाकडी बैल दोघा-चौघांकडेच. मी म्हटलं, चला, वह्या दप्तरात टाका. तलावाकाठची चिकण माती आणली आणि व्हरांड्यात सगळी कोपरापर्यंत हात बरबटवून बसली. बैल झाले. कुणाचा डुकरासारखा, कुणाचा हत्तीसारखा, माझा तर पोरांनी कुत्रा म्हणून ओळखला. बाटल्यांची टोपणं चाकं म्हणून लावली. आणि मग मी अट घातली, ज्याच्या बैलाच्या गळ्यात झडतीचा कागद नसेल त्याला तोरणाखालून जाऊ देणार नाही. मोठ्या पोळ्यात बाप्ये तोरणाखाली उभे राहून यमक जुळवत झडत्या म्हणतात, एकमेकांची खिल्ली उडवतात, ते पोरांनी लहानपणापासून ऐकलेलं. तिथे गाईड कामाचं नव्हतं. अर्ध्या तासात पोरं माझ्याकडे कागद मागायला लागली. कागद! माझ्याकडे! चैतूने लिहिलं,

बैल माहा मातीचा, धाक नाई काठीचा,
गुरुजी म्हणते शिक शिक, बैल म्हणते भूक भूक.

मी पोट धरून हसलो. हा तोच गरीब गायवाला चैतू.

एकटी गोकुळा काही लिहीत नव्हती. ही चौथीतली पोर, ढिवराच्या घरची. तिच्या घरी ना वावर ना बैल. बाप मनसाराम तलावात लाकडी डोंगा वल्हवतो, जाळी टाकतो आणि मासोळी बाजारात नेतो. मी जवळ गेलो तर तिने बैल केलाच नव्हता. मातीचा लांबट डोंगा केला होता आणि त्याला खालून चार टोपणं लावली होती. बाकीची पोरं ओरडली, गुरुजी, इनं डोंगा आनला, पोळा त बैलाचा असते! गोकुळा खालमानेने म्हणाली, आमच्या घरी थोच काम करते. मी म्हटलं, मग त्याचीच झडती लिही. दुसऱ्या दिवशी अठरा बैलांच्या रांगेत एक डोंगा तोरणाखालून गेला आणि गोकुळाने कागद दोन्ही हातांनी धरून वाचला,

डोंग्याले नाई शेपूट, डोंग्याले नाई सिंग,
बाप माहा हाकलते, पान्यावर पडते रेग.
रेग पान्यात बुजून जाते,
बाप मंग पुना हाकलते.

खुशबू, मी बत्तीस वर्षं मराठी शिकवतो आहे, पण त्या दिवशी मी तो कागद मागून घेऊन पुन्हा वाचला.

आता माझी करामत ऐक. तालुक्याला लेखनस्पर्धेसाठी शाळेतून एका मुलाचा कागद पाठवायचा होता. मी गोकुळाचा निवडला, तिला शेजारी बसवलं आणि पेन उघडलं. सिंग आणि रेग जुळत नाही, शेवट फार साधा आहे, दोन ओळी श्रमाच्या महतीवर टाकू, परीक्षकांना तसलं आवडतं. हे मी पोरीला प्रेमाने समजावत होतो, बरं का. तिने ऐकून घेतलं. माझं पेन कागदाला टेकणार तोच तिने त्यावर पंजा पसरून ठेवला आणि म्हणाली, गुरुजी, हे माह्यं आहे. तुमाले लिवाचं असन त तुमचा डोंगा तुमी बनवा ना.

उद्धटपणा नव्हता त्यात. माझी तिला कीवच आली असावी. मी पेन बंद केलं आणि कागद होता तसा पाठवला. मागच्या आठवड्यात निकाल लागला, बक्षीस नाही मिळालं. मला वाईट वाटलं, तिला नाही. पालकसभेत तिने झडती पुन्हा वाचली, तेव्हा मनसाराम मागे उभा होता, ओल्या लुंगीनेच आलेला. तो सगळ्यांना विचारत सुटला, आमच्या डोंग्याची बी झडती असते का जी? आता गोकुळा रोज एक चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवते. कालच्या चिठ्ठीत होतं, शनिवारी गुरुजी चष्मा लावून झोपते. खोटं नाही ते.

तिचा तो पंजा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, कारण तुझा पंजा मी बाजूला केला होता. आपण वरोऱ्याला होतो, तू पाचवीत होतीस. स्पर्धेसाठी तू आईवर लिहिलंस, ती सायकल शिकताना कापसाने भरलेल्या बैलबंडीत जाऊन पडली त्याबद्दल. मी म्हटलं, आईवर असं थट्टेचं लिहितात का? आणि तुझा कागद काढून घेऊन मी रात्रीतून वात्सल्याचा सागर, मायेची सावली असलं दीड पान लिहून दिलं. तू ते पाठ केलंस, जिल्ह्यात पहिली आलीस, पेपरात फोटो आला. येताना एसटीत तू बक्षिसाची ढाल माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालीस, बाबा, ही तुमची आहे. पोरीचं बापावर किती प्रेम म्हणून ही गोष्ट मी वीस वर्षं पाहुण्यांना सांगत आलो. तुझ्या लग्नातसुद्धा सांगितली. तू त्यानंतर एक ओळ लिहिली नाहीस, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. परवा आलं. आणि आता मैत्रीसाठीही तू मलाच लिहायला सांगतेस, म्हणजे लिहिणं हे बाबाचं काम, हे मीच तुला शिकवलं. माझं चुकलं, पोरी. मैत्रीची गोष्ट मी लिहिणार नाही, तिला माती दे, रंग दे, काय वाटेल ते दे आणि कागद तिचा तिला भरू दे. तुझा तो पाचवीतला कागद मी चुरगाळून टाकला होता, शोधूनही सापडायचा नाही. आई जाऊन तीन वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, साड्या आहेत, पण ती बंडीत कशी पडली, उठून काय म्हणाली, कापूस कुठेकुठे चिकटला होता, यातलं मला काही आठवत नाही, कारण मी ते नीट वाचलंच नव्हतं. तुला आठवत असेल. मला लिहून पाठवशील का? मी काना-मात्रेलाही हात लावणार नाही, नुसतं वाचीन.

तुझाच,
बाबा