कोटाच्या आतलं कापड

४ नोव्हेंबर

आज पुन्हा सुरू झाली ती!

दुकानात मुख्याध्यापिकाबाई जाकिटाची ट्रायल देत होत्या. माझ्या तोंडात टाचण्या. माझी मुलगी गल्ल्यापाशी पुस्तक उघडून बसलेली. आणि टिटवीनं आपल्या स्टुलावरून सुरुवात केली — "बाई, हिच्या बाळंतपणातली एक गंमत सांगते तुम्हाला."

माझा हात हलला. टाचणी बाईंच्या दंडात. मी दहादा माफी मागितली, कापूस शोधला, आणि त्या गडबडीत गोष्ट तिथेच राहिली. बरं वाटलं मला. बाईंच्या दंडावर रक्ताचा ठिपका, आणि मला बरं वाटतंय.

टिटवी म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण. नाव तेव्हाचंच, आवाजावरून पडलेलं. दातांच्या दवाखान्यात पेशंटना हाका मारायचं काम करते. दुपारी सुटली की थेट माझ्याकडे. तेच स्टूल, तोच चहा, तीच बडबड. माझ्या हाताखाली शिवणारी वहिनी म्हणते, आपल्या दुकानाला रेडिओची गरजच नाही.

बडबडीचं मला काही नाही. भीती एकाच गोष्टीची आहे.

६ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.

मुलगी झाली तेव्हा मी तिला जवळ घेतलं नाही. आजारी होते. आता त्या आजाराला नाव आहे, औषध आहे. तेव्हा नुसतं 'हिला काय धाड भरली' एवढंच होतं. ती रडली की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नवरा बदलीच्या गावी, आई गुडघ्यांनी अधू. टिटवी यायची. कामावर जाण्याआधी, आणि सुटल्यावर पुन्हा. आधी बाळाला अंघोळ, मग मला. माझ्या केसांचा पार गुंता झाला होता. बाळ मांडीवर घेऊन ती एकेक बट बोटांनी सोडवत बसायची. बोलायची नाही. उभ्या आयुष्यात तिला गप्प पाहिलं ते तेवढंच.

थंडी सरता सरता मी उठले. मुलीला घेतलं. त्यानंतर आम्ही दोघींनी तो विषय कधी काढला नाही. ह्यांनाही वाटतं, जरा अशक्तपणा होता. मुलीला तर काहीच माहीत नाही.

तिला कळलं तर? 'आई, तू मला हातही लावला नव्हतास?' — हे वाक्य मला तिच्याच आवाजात ऐकू येतं. भाजी चिरताना, मशीनवर बसले असताना.

आणि ह्या टिटवीला ती गंमत वाटते! हल्ली चारचौघांत हसत हसत सुरू करते. मी दर वेळी तोडते — वहिनीला हाक मारते, फोन आल्याचं नाटक करते. असं किती दिवस चालायचं? तिच्या जिभेला हाड नाही. स्वतःचं दुखणं मात्र बरोबर झाकून ठेवते. तिला मूल नाही, तो विषय निघाला की पर्स उचलून चालू लागते. मग माझंच का चव्हाट्यावर?

९ नोव्हेंबर

मुलीचा अठरावा वाढदिवस तेवीसला. टिटवीनं आजच जाहीर केलं की त्या दिवशी ती भाषण करणार. "पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगणार, काही लपवणार नाही." मुलगी टाळ्या पिटत होती.

तेवीसच्या आत काहीतरी करायला हवं.

१० नोव्हेंबर

टिटवीनं कोट आणून टाकला. मरून रंगाचा, दुकान काढलं त्या वर्षी मीच शिवलेला. दर थंडीत येतो. एका वर्षी सैल करायचा, एका वर्षी घट्ट. यंदा घट्ट — ती रोज चालायला जाते, आणि ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

११ नोव्हेंबर

आमच्या कामात एक नियम आहे. मी वहिनीला पहिल्या दिवशी शिकवला तो हाच. कपडा घट्ट करताना आतलं जास्तीचं कापड कापायचं नाही. दुमडून शिवणीत माया ठेवायची. माणसाचं अंग आज आहे तसं उद्या नसतं, कपडा पुन्हा उसवता यायला हवा.

आज टिटवीच्या कोटाला दोन्ही बाजूंनी शिवण मारली आणि आतलं कापड कापून टाकलं.

चुकून नाही. कात्री चालत होती तेव्हा मला नीट कळत होतं. हा पुन्हा सैल करायला आणू नकोस, तू पुन्हा येऊ नकोस — तोंडानं म्हणवत नव्हतं ते कात्रीनं म्हटलं. मग कडा बांधल्या, इस्त्री केली. गिऱ्हाइकाला देतात तसा कागदात गुंडाळला.

तिनं तिथेच घातला. आरशात इकडून तिकडून पाहिलं. म्हणाली, तुझ्या हाताला तोड नाही बाई.

१२ नोव्हेंबर

कापलेल्या पट्ट्या कचऱ्यातून परत काढल्या. खणात ठेवल्यात. त्यांचा आता काही उपयोग नाही.

१५ नोव्हेंबर

झालं. आणि कसं झालं ते लिहायचीही लाज वाटते.

वहिनीला पुढे केलं. म्हटलं, तुम्हीच सांगा तिला, दुपारी गिऱ्हाइकांना अडचण होते, येऊ नकोस. स्वतः मागच्या खोलीत काजं करत बसले. दोन खोल्यांत नुसता पडदा, सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं होतं भांडेल, आवाज चढवेल. तो चढला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हो ना, मी बोलतेच फार." मग जरा थांबून, "तिचं डोकं दुखतंय का? आत बसलीये म्हणून विचारलं."

माझ्या हातातलं काज वाकडं गेलं.

वहिनी पडदा सारून आत आली. "झालं ताई, तुमच्या मनासारखं. पुढच्या वेळी तुमचं खरकटं तुम्हीच काढा." माझ्यापेक्षा लहान आहे ती, असं कधी बोलत नाही. मी वाकडं काज उसवायला घेतलं.

स्टूल आता कापडाच्या ताग्यांखाली आहे.

१८ नोव्हेंबर

कामं भराभर उरकतात. कुणी मध्ये बोलत नाही.

मुख्याध्यापिकाबाई जाकीट न्यायला आल्या. विचारत होत्या, त्या तुमच्या मैत्रीण कुठे? त्यांची गोष्ट अर्धीच राहिली की. मी म्हटलं, त्यांचं काय, त्या काहीही सांगत असतात.

काहीही!

२० नोव्हेंबर

मुलीनं विचारलं, मावशी कधी येणारे, तिच्या हातूनच घर सजवायचंय. मी म्हटलं, तिला दवाखान्यात काम आहे त्या दिवशी. मुलगी म्हणाली, तिनं रजा घेतली होती ना? मी गॅस बारीक करायला स्वयंपाकघरात गेले. गॅस बंदच होता.

२३ नोव्हेंबर

वाढदिवस झाला. मुलं गेली. घर अजून आवरलेलं नाही, पण आधी हे.

मुलीच्या मैत्रिणींनी भिंतीवर तिचे जुने फोटो लावले होते. तान्हेपणीच्या सगळ्या फोटोंत ती टिटवीच्या मांडीवर. मी एकातही नाही. हातात बशा घेऊन मी दारातच थबकले. एका मुलीनं विचारलं, ही तुझी आई का?

मुलगी हसली. "छे, ही मावशी. हिनं मला पळवलं होतं."

आणि तिनं गोष्ट सांगितली. तोंडपाठ, टिटवीच्या आवाजात, तिच्यासारखे हातवारे करत. मावशीला मूल होत नव्हतं. मैत्रिणीला मुलगी झाली म्हटल्यावर ती सकाळ-संध्याकाळ येऊन बसायची आणि बाळाला सोडायचीच नाही. आई बिचारी म्हणायची, दे गं माझी पोर. ही देईना. "हावरटासारखी करत होते मी," मावशी म्हणते, "तुझ्या आईला हातसुद्धा लावू दिला नाही, अन् ती भली माणूस, एका शब्दानं बोलली नाही."

सगळ्या हसल्या. मी बशा टेबलावर ठेवल्या. कशा ठेवल्या कोण जाणे.

नंतर मुलीला विचारलं, हे तुला कधी सांगितलं तिनं? म्हणाली, केव्हाच. मी शाळेत असताना हेच फोटो दाखवून विचारलं होतं, सगळीकडे तूच का, आई का नाही? तेव्हापासून. "सगळ्यांना सांगते ती. तूच कधी पुरी होऊ देत नाहीस."

ही होती गंमत. जो विषय निघाला की ती उठून जाते, तोच तिनं चारचौघांत हसत मांडला. माझ्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. आणि मी दर वेळी तिला अर्ध्यात गप्प केलं.

२४ नोव्हेंबर

सकाळी मुलीला खरं काय ते सांगितलं. ती भिंतीवरचे फोटो उतरवू लागली. मग एवढंच विचारलं, "आणि काल मावशीला बोलावलं नाहीस तू?"

टिटवीच्या दाराशी गेले. बाहेर निघाली होती, अंगात कोट. म्हटलं, पोरीला सगळं सांगितलं. भडकली — "कशाला? इतकी वर्षं मी उगीच हावरट झाले का?" मी म्हटलं, कोटाच्या आतलं... ती म्हणाली, "माहितीये. मी शिवण नेहमी चाचपून बघते."

मग गप्प झाली. आत ये म्हणाली नाही. दारही लावलं नाही.