राखेसारखी दिसणारी भुकटी

कुंभकोणम्, मंगळवार, ऑगस्ट १९५६

राग अजून उतरलेला नाही. संध्याकाळी आमच्या बियाण्यांच्या दुकानात आमची गिऱ्हाईक पट्टम्माळ आली. आमच्याकडून नेलेले, पेरून उरलेले वालाचे बी तिने धुऊन सांबारात घातले, आणि दुपारपासून तिचा नवरा ओकतो आहे. वाचेल, असे डॉक्टर म्हणतात.

"सामी," ती म्हणाली (इकडे मालकाला असेच म्हणतात), "पांढरे दिसले. मला राख वाटली."

वाटणारच! येथे घरोघरी बी राखेत ठेवतात. राख धुतली की तेच शिजवतात. आमच्या बियांना मात्र कीटकनाशक भुकटी चोळलेली असते.

माझे मेहुणे आणि भागीदार व्यंकटराव चक्क हसले. "भावोजी, पाकिटावर विष लिहा, असा कायदा कोठे आहे? भुकटीची तपासणी, पाकिटांची छपाई, सारा खर्च आपल्याच डोक्यावर. एवढे करायचे तर बियाणे सोडून राखच विकू या!"

कायदा नाही, हे मलाही ठाऊक होते. म्हणूनच गप्प बसलो ना? तपासणी परवडत नाही, असे दोन वर्षे मीच सांगत आलो. पण हाताने 'विष' लिहायला कोणती प्रयोगशाळा लागणार होती?

निघताना पट्टम्माळने विचारले, "सामी, तुमच्या घरीही हेच बी नेता का?"

नाही. आमच्या घरचे बी राखेत असते.